रूडीसाठी तळघरातली खोली

वेरोना हुडाकच्या तळघरात एक कमोड होता. नुसता कमोड. त्याला भिंत नाही, दार नाही, साधा पडदासुद्धा नाही. तळघराच्या मधोमध, खांबाला टेकून, कुणी सिंहासन मांडून ठेवावं तसा. वर एक दिवा लोंबत असायचा आणि बाजूला अंघोळीचा शॉवर. आमच्या चढावर, म्हणजे डोंगरउतारावरच्या आमच्या वस्तीत, सगळ्यांच्याच तळघरात असा कमोड, त्यामुळं कुणाला त्याचं काही वाटत नसे. पोलादाच्या कारखान्यातून माणूस सुटला की मागच्या गल्लीतून खालच्या दारानं आत यायचा, तिथंच काळे झालेले कपडे उतरवायचा, अंग धुवायचा, आणि मग जिना चढून वर जेवायला. वेरोनाचा नवरा रूडी छत्तीस वर्षं भट्टीवर होता. छत्तीस वर्षांत तो एकदासुद्धा न धुता वर आला नाही. वेरोना हे सगळ्यांना सांगायची, दुसऱ्या बायका दागिने दाखवतात ना, तसं.

हे तळघर नीट करायचं, तिथं छान खोली काढायची, हे रूडीचं लग्नापासूनचं बोलणं. एका वर्षी त्यानं भिंतीला लावायच्या लाकडी फळ्या आणल्या, चॉकलेटी रंगाच्या, चांगला गठ्ठा. भिंतीला टेकवून ठेवल्या. "येत्या उन्हाळ्यात लावतो," म्हणाला. ते चौऱ्याहत्तर साल. मुलगी कॅरोल तेव्हा शाळेत होती. ती शिकली, लग्न करून पार ॲरिझोनाला गेली, तिला मुलं झाली, आणि फळ्या आपल्या तिथंच टेकलेल्या. वेरोना दर ईस्टरला त्यावरची धूळ पुसायची.

रूडी आळशी नव्हता बरं का. त्याची गोष्ट वेगळी होती. आमच्याकडं तळघर कुणी एकट्यानं करत नाही आणि पैसे देऊनही करून घेत नाही. तीन मेव्हणे, दोन भट्टीवरचे दोस्त, एक बिअरचं पिंप आणि एक भाजलेली डुकराची मांडी, एवढं जमलं की एका शनिवार-रविवारात खोली उभी राहायची. माणूस पैसे देऊन बोलावला तर लोक विचारायचे, याला सोयरेधायरे नाहीत का? रूडीनं सगळ्यांची तळघरं करून दिली. त्याची पाळी यायच्या आधी कारखानाच बंद पडला. मेव्हणे कामाच्या मागं दक्षिणेला गेले. दोस्त एकेक करत गेले, कुणी टेक्सासला, कुणी दफनभूमीत. मग पिंप कुणासाठी आणायचं?

तर पुढं एका वर्षी नाताळ झाला आणि चौथ्या दिवशी रूडीची डावी बाजू गेली. सकाळी बुटाची नाडी बांधत होता, तो तसाच कलंडला. जीव वाचला. पण पाय उचलेना, हात उचलेना, बोलणं तोंडातल्या तोंडात. त्याला चालणं परत शिकवतात त्या व्यायामाच्या हॉस्पिटलात ठेवलं. तिथल्या बाईनं वेरोनाला समोर बसवून सांगितलं, "हुडाकबाई, अठ्ठावीस फेब्रुवारीपर्यंत आम्ही ठेवू शकतो. त्यानंतर एक तर घर, नाही तर नदीपलीकडचं घर."

नदीपलीकडचं घर म्हणजे आजारी म्हाताऱ्यांना ठेवतात ते. आमच्या चढावरचं कुणी तिथं गेलं की आम्ही त्याच्या बायकोला जेवण नेऊन देतो, मयताच्या घरी देतात तसं.

"घरी आणणार," वेरोना म्हणाली.

"घरी जिना किती पायऱ्यांचा?"

तिथंच घोडं अडलं. हुडाकांचं घर चिंचोळं, आगगाडीच्या डब्यासारखं उभं केलेलं. झोपायची खोली आणि बाथरूम वरच्या मजल्यावर, चौदा पायऱ्या चढून. मधल्या मजल्यावर स्वयंपाकघर आणि बैठक, पण संडास नाही. पायरी न चढता जिथं जाता येईल असा एकच कमोड होता, तो तळघरातला. आणि तळघराचं दार मागच्या गल्लीला जमिनीशी सपाट. चाकाची खुर्ची सरळ आत.

हे वेरोनाला नाही, रूडीलाच सुचलं. तिनं त्याला विचारलं, "कसं करू रे?" तर त्यानं उजव्या हाताचं बोट खाली दाखवलं. तिला वाटलं चप्पल पडली. ती वाकून बघायला लागली. तो वैतागला, आणि मोठ्या कष्टानं म्हणाला, "खाली. मला. खाली घे."

"तळघरात?"

त्यानं मान हलवली. आणि म्हणाला, "फळ्या."

वेरोना बसमध्ये बसून घरी येईपर्यंत रडली, आणि घरी आल्यावर डोळे पुसून प्लंबरला फोन लावला.

प्लंबर म्हणजे रीजस. रूडीच्या बरोबर भट्टीवर टॉम होता ना, त्याचा मुलगा. त्याच्या बाप्तिस्म्याला वेरोनानंच केक केला होता. चाळिशीचा धिप्पाड गडी, दाढीत कायम काहीतरी अडकलेलं. तो आला, तळघरात उभा राहिला, कमोडकडं बघून म्हणाला, "काकू, याला घर बांधून द्यायचं म्हणता."

"त्याला नाही, तुझ्या काकाला."

"होईल. पाइप हलवायचे, मोरी खोल करायची. पुढच्या मंगळवारी येतो."

त्यानं सुतारही सुचवला, लेस्टर नावाचा. हा आधी लाकडी सांगाडा उभा करणार, त्यातून रीजसचे पाइप आणि वायरमनच्या तारा जाणार, आणि मग लेस्टरच वरून जिप्समचे बोर्ड मारून भिंती बंद करणार. पण बोर्ड मारायच्या आधी शहराचा इन्स्पेक्टर येऊन उघडे पाइप आणि उघड्या तारा बघून गेला पाहिजे. तो "ठीक आहे" म्हणेपर्यंत एक खिळा ठोकायचा नाही. आणि भिंती झाल्या, धरून उभं राहायचे दांडे बसले, की हॉस्पिटलची नर्स येऊन खोली बघणार, आणि तिनं हो लिहिलं तर रूडी घरी. वेरोनानं हे सगळं बोटांवर मोजलं. पाच बोटं पुरली. तिला वाटलं, झालंच की.

लेस्टर तीन दिवसांत सांगाडा उभा करून गेला. बारकुडा, अबोल माणूस, शिट्टी वाजवत काम करणारा. मंगळवार आला. रीजस आला नाही. संध्याकाळी फोन आला, "काकू, एका घरात नळ फुटलाय, बर्फामुळं. पुढच्या मंगळवारी."

पुढच्या मंगळवारी आला. वेरोनानं सवयीनं कोबीच्या पानात खिमा गुंडाळून भलंमोठं पातेलं भरून ठेवलं होतं. तिच्या डोक्यात तळघराचं काम म्हणजे जेवण. रीजस जेवला, पुन्हा वाढून घेतलं, तिच्याशी बाप्तिस्म्याच्या केकबद्दल बोलला, रूडीकाका आणि त्याचा बाप कसे भट्टीवर सॉसेज भाजायचे त्याची गोष्ट सांगितली, दोघं खूप हसले. मग घड्याळ बघून म्हणाला, "अरे, चार वाजले. जाड पाइप तर मी आणलाच नाही." आणि पुढच्या मंगळवारचं सांगून गेला.

वेरोनाला रागावता येईना. कॅरोल ॲरिझोनाहून फोनवर ओरडायची, "आई, तू त्याच्यावर ओरड."

"कशी ओरडू? टॉमचा मुलगा आहे."

"मग दुसरा बघ."

"टॉमचा मुलगा असताना दुसरा?"

"आई, तू त्याला जेवायला घालू नकोस गं निदान."

"उपाशी काम करू दे की काय त्याला?"

असे तीन मंगळवार गेले. रीजसचे पाइप नाहीत म्हणून वायरमन थांबलेला, वायरमन नाही म्हणून लेस्टर थांबलेला, आणि या सगळ्यांच्या मध्ये वेरोना, सकाळी सातला उठून तळघरातला हिटर लावून ठेवणारी, म्हणजे माणसं आली तर त्यांचे हात गारठायला नकोत. माणसं यायची नाहीत. ती त्या उभ्या लाकडांच्या मधून फिरायची, इथं पलंग, इथं रूडीची खुर्ची, इथं रेडिओ. लाकडांच्या मधून आरपार दिसायचं. पिंजऱ्यात फिरावं तसं फिरायची. दुपारी दोन बस बदलून हॉस्पिटलात जायची. रूडी विचारायचा, "फळ्या?"

"आधी पाइप, मग फळ्या."

"कोण?"

"रीजस."

रूडी डोळे मिटून म्हणायचा, "टॉमसुद्धा असाच. मंगळवार." एवढं वाक्य तो पूर्ण बोलायचा. नर्स म्हणाली, बोलणं सुधारतंय त्यांचं.

सहा फेब्रुवारीला एकदाचे पाइप झाले. वायरमन दोन दिवसांत तारा ओढून गेला. इन्स्पेक्टरची तारीख मिळाली पंधरा, गुरुवार. रीजसनं बजावलं, "काकू, नऊ ते तीनच्या मध्ये कधीही येईल. घरात थांबा. लेस्टर सोळाला येतो, दहा दिवसांत भिंती, दांडे, दार, सगळं करतो. सव्वीसला नर्स. जमतंय."

"जमतंय ना रे?"

"अगदी काठावर. पण जमतंय."

आता हे नीट ऐका, कारण सगळं इथंच फिरलं.

चौदा तारखेला बर्फ पडला. गुडघ्याएवढा. मागच्या गल्लीत बर्फ ढकलणारी नांगराची गाडी कधी येत नाही, ती गल्ली बुजली. पुढच्या रस्त्यावर नांगर आला आणि सगळा बर्फ कडेला ढकलून दोन्ही बाजूंना भिंती करून गेला. गाडी लावायला एक इंच जागा नाही. वेरोनाच्या मनात आलं, इन्स्पेक्टर गाडी लावणार कुठं? जागा नाही म्हणून तो निघून गेला तर?

म्हणून पंधरा तारखेला उजाडल्या उजाडल्या ती फावडं घेऊन बाहेर गेली. एकाहत्तर वर्षांची बाई. दोन तास खपून तिनं घरासमोर एका गाडीपुरती जागा मोकळी केली. अगदी डांबर दिसेपर्यंत. शेजारची हेलन खिडकी उघडून म्हणाली, "वेरोना, मरशील अशानं."

"आधी खोली होऊ दे, मग बघू."

आणि जागा राखायला तिनं स्वयंपाकघरातली खुर्ची आणून मधोमध ठेवली. लाल रेक्झिनची, बैठक फाटलेली, चिकटपट्टी लावलेली. आमच्या चढावर ही खुर्ची सगळ्यांच्या घरी असते. बर्फ उपसून जागा केली की खुर्ची ठेवायची, आणि मग ती जागा तुमची. पोलीस आला तरी त्या खुर्चीला हात लावत नाही. अठ्ठ्याहत्तर साली हेलनच्या नवऱ्यानं, स्टॅनलीनं, रूडीची खुर्ची उचलून बाजूला ठेवली आणि तिथं स्वतःची गाडी लावली. सकाळी बघतात तर गाडी बर्फाची झालेली. रूडीनं पाण्याची नळी लावून ती अख्खी भिजवली होती. दारं मार्चमध्ये उघडली. पुढं अकरा वर्षं ते दोघं एकमेकांशी बोलले नाहीत, आणि चढावर एकानंही रूडीला नाव ठेवलं नाही.

तर खुर्ची ठेवून वेरोना आत आली, न्हाली, चांगला निळा स्वेटर घातला, कॉफी टाकली, अक्रोडाचा रोल कापून ताटलीत मांडला, आणि ताटली घेऊन खाली तळघरात जाऊन बसली. काम खाली, म्हणजे इन्स्पेक्टर खालीच येणार, असं तिच्या डोक्यात. वरच्या दाराला तिनं चिठ्ठी लावली होती, "खाली आहे, आत या." सगळे दिवे लावले, पाइप नीट दिसावेत म्हणून. हिटर घों घों करत होता. अकरा वाजले. बारा वाजले. मध्येच वरून रस्त्यावर हॉर्न ऐकू आला, दोनदा, मग जरा थांबून पुन्हा एकदा. वेरोना मनात म्हणाली, लोकांना मेलं जरा दम नाही.

तीन वाजले. चार वाजले. अंधारायला लागलं. ती जिना चढून वर आली. दाराला चिठ्ठी तशीच. खिडकीतून बघितलं तर खुर्ची तिथंच, लाल, तिच्यावर दोन बोटं बर्फ.

दुसऱ्या दिवशी कचेरीत फोन लावला. इन्स्पेक्टरच बोलला. "मी आलो होतो, बाई. तीन चकरा मारल्या. गाडी लावायला जागाच नव्हती."

"जागा नव्हती कशी? मी स्वतः केली होती. घरासमोरच."

"तिथं खुर्ची होती."

"ती तुमच्यासाठीच होती."

मग तो म्हणाला, "मी हॉर्न वाजवला. मला काय माहीत ती माझी? दुसऱ्याची खुर्ची मी कशी हलवू? मी समोरच्या डोंगरावरचाच आहे, बाई. माझ्या आईनं मला घराबाहेर काढलं असतं."

वेरोनानं त्याला बोल लावला नाही. कारण त्यानं खुर्ची हलवली असती आणि ती दुसऱ्या कुणाच्या दारातली असती, तर तीच पहिली खिडकीतून ओरडली असती.

"पुढची तारीख कधी?"

"सत्तावीस."

"नर्स सव्वीसला येते."

"बाई, पुढचे सगळे दिवस भरलेत. बर्फानं अर्ध्या शहराचे पाइप फुटलेत."

तिनं लेस्टरला बोलावून घेतलं. रीजसही आला, मंगळवार नसताना. तिघं त्या पिंजऱ्यात उभे. वेरोना म्हणाली, "आपण मारून टाकूया बोर्ड. कोण बघतंय? आत सगळं बरोबरच आहे ना?"

लेस्टर शिट्टी वाजवायचा थांबला. रीजस पायाकडं बघत म्हणाला, "काकू, माझा परवाना जाईल. आणि तो येऊन सगळं फोडायला लावेल ते वेगळंच."

"मी तुझ्या बाप्तिस्म्याचा केक केला होता, रीजस."

ती असं कधी बोलत नसे. बोलली, आणि तिलाच लाज वाटली. रीजसचे कान लाल झाले. "मी पहिल्या मंगळवारी आलो असतो तर..." तो म्हणाला. लेस्टरनं खिशातून टेप काढून उगाच एक लाकूड मोजलं, पुन्हा खिशात ठेवलं. मग वेरोना म्हणाली, "चला, वर. सूप आहे." दुसरं काय म्हणणार?

रीजस त्या दिवशी जेवला नाही. कॅरोलला कळलं तर ती म्हणेल, शेवटी एकदाचा उपाशी ठेवलास.

सव्वीसला नर्स आली. तरुण, गोड मुलगी. तिनं उभी लाकडं बघितली, लोंबणाऱ्या तारा बघितल्या, मधोमध बसलेला उघडा कमोड बघितला. फार हळू आवाजात म्हणाली, "हुडाकबाई, हो लिहायला मला एक तरी भिंत पाहिजे."

"चादर लावते मी. जाड चादरी आहेत माझ्याकडं."

"धरायला दांडा कुठं बसवणार? चादरीला?"

वेरोनानं तिला अक्रोडाचा रोल बांधून दिला. हे मला हेलननं सांगितलं, की नकार देणाऱ्या मुलीलासुद्धा तिनं रोल बांधून दिला, आणि ती मुलगी तो घेताना रडवेली झाली होती.

आणि सत्तावीसला काय केलं माहीत आहे? पुन्हा बर्फ उपसला. पण खुर्ची ठेवली नाही. स्वतः जाऊन त्या जागेत उभी राहिली. कोट घालून, डोक्याला रुमाल बांधून, हाताची घडी घालून, सकाळी नऊपासून. एक गाडीवाला आला, काच खाली करून म्हणाला, "आजी, बाजूला व्हा, गाडी लावतो."

"नाही."

"तुमची गाडी कुठंय?"

"येतेय."

तो शिव्या पुटपुटत गेला. दुसरा आला, तोही गेला. हेलननं दोनदा कॉफी आणून दिली. साडेअकराला इन्स्पेक्टर आला. टक्कल पडलेला, मऊ चेहऱ्याचा माणूस. वेरोना बाजूला झाली, त्यानं गाडी लावली, उतरला, आणि तिला दंडाला धरून घरात घेऊन गेला, कारण तिचे पाय चालेनात.

खाली त्याला चार मिनिटं लागली. बॅटरी मारून पाइप बघितले, तारा बघितल्या. "चांगलं काम आहे," म्हणाला. कागदावर सही केली आणि लाकडाला टाचला. मग टोपी हातात घेऊन उभा राहिला. "बाई, त्या दिवशी मी उतरून दार ठोठावायला हवं होतं."

"गाडी कुठं ठेवून उतरणार होतात?"

"तेच तर."

अठ्ठावीसला हॉस्पिटलची गाडी रूडीला नदीपलीकडं घेऊन गेली. वेरोना शेजारी बसली होती. पूल ओलांडताना रूडीनं खिडकीबाहेर बघितलं, मग तिच्याकडं. तीच बोलली. सगळं सांगितलं, फावडं, खुर्ची, हॉर्न, सगळं. तिला वाटलं तो चिडेल. तो ऐकत राहिला, आणि मग त्याचं अर्धं तोंड हसायला लागलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

"बरोबर केलं," तो म्हणाला.

"कुणी?"

"त्यानं. खुर्ची... हलवायची नाही."

"अरे, त्याच्यापायी तू इथं चाललास."

"तरी," रूडी म्हणाला. "नाही हलवायची."

तिनं त्याचा डावा हात, तो निर्जीव हात, आपल्या मांडीवर घेऊन ठेवला.

लेस्टरला मधे दुसरं काम लागलं होतं, तो मार्चच्या मध्यावर मोकळा झाला. मग मात्र सगळं भराभर झालं. भिंती आल्या, कमोडला स्वतःची खोली मिळाली, दार मिळालं, दोन्ही बाजूंना दांडे. पलंगाच्या मागच्या भिंतीला वेरोनानं त्या चॉकलेटी फळ्या लावायला सांगितल्या. लेस्टर म्हणाला, "असल्या आता कुणी लावत नाही हो." ती म्हणाली, "मी लावते." वीस वर्षांहून जास्त उभ्या राहून वाकलेल्या त्या फळ्या, पण त्यानं दाबून, खिळे मारून सरळ केल्या. फार सुंदर झाली खोली. मी बघितली आहे. रेडिओसुद्धा ठेवला होता.

ती नदीपलीकडच्या घरातल्या डॉक्टरकडं गेली. डॉक्टर म्हणाला, आता उशीर झाला. इथं आल्यापासून तो पलंगावरच आहे. तिकडं हॉस्पिटलात तो दांडा धरून उभा राहायचा, आता उभा राहत नाही. उचलायला दोन माणसं लागतात, रात्रंदिवस. घरी कोण आहे?

घरी वेरोना होती. एक.

त्या दुपारी ती त्याच्याजवळ बसली. खोली झाली हे सांगायला तोंड उघडलं. आणि रूडीनं विचारलं, "झाली?"

ती म्हणाली, "नाही रे. लेस्टर आलाच नाही."

मग तो जो सुरू झाला. तुटक तुटक, पण सुतारांच्या सात पिढ्या काढल्या. गालावर रंग आला. सूप संपवलं. वेरोना बघत राहिली. झाली म्हटलं असतं तर त्यानं विचारलं असतं, मग मला नेत का नाहीस?

तेव्हापासून रोज ती पुलावरून बसनं जाताना विचार करत बसायची, आज काय बिघडलं म्हणून सांगू. सोमवारी दाराचं माप चुकलं. बुधवारी बोर्ड भिजले. शुक्रवारी वायरमननं दिव्याचं बटण उलटं लावलं, म्हणजे बंद केलं की पेटायचं. रूडीला ते फार आवडलं, त्यानं ते नर्सलाही सांगितलं.

एका मंगळवारी रीजस तिथं येऊन उभा. हातात टोपी, दाढीत ब्रेडचा तुकडा. वेरोनाला धडकी भरली, हा काहीतरी बोलून बसेल. रूडीनं त्याला बघितलं आणि उजवी मूठ उगारली. "तू. टॉमचा. कधी?"

रीजसनं वेरोनाकडं बघितलं. तिनं फक्त मान हलवली, जराशी. तो पलंगाजवळ गेला आणि गुन्हेगारासारखा खाली मान घालून म्हणाला, "चूक झाली, काका. पुढच्या मंगळवारी. नक्की."

"तुझा बापही..."

"माझा बापही असाच होता, काका."

रूडी समाधानानं उशीवर टेकला.

बाहेर बसथांब्यापर्यंत रीजस तिच्याबरोबर चालत आला. मग वेरोना म्हणाली, "मला आता सुचत नाही रे. दार झालं, बोर्ड झाले, बटण झालं. उद्या काय बिघडवू?"

रीजसनं जरा विचार केला. नळाचा माणूस आपल्या कामाचा विचार करतो तसा, कपाळाला आठ्या घालून. "पंप सांगा, काकू," तो म्हणाला. "मोरीचं पाणी वर ढकलायचा पंप. चुकीचा आला म्हणा. परत पाठवायचा, नवा मागवायचा. पंपाला आठ दिवस कुठंच गेले नाहीत."

"आणि मग?"

"मग त्याची मोटर जळते."

दुसऱ्या दिवशी तिनं पंप सांगितला. रूडी नीट ऐकत होता. त्यानं डोळे छताला लावले. वेरोनाला वाटलं, कळलं याला.

मग तो सावकाश, एकेक शब्द शोधून म्हणाला, "पंप नीट बसेपर्यंत... मला नेऊ नकोस. घाई नको करू, रोना."

"नाही करत," ती म्हणाली, आणि त्याच्या हनुवटीवर ओघळलेलं सूप पुसलं.